संघबांधणीचा हिशोब, भाग ७ : पोरांची पलटण आणि जुना कोपरा

गेल्या आठवड्यात लिलावात बोली कशी चढते ते पाहिलं. हातोडा पडला, खेळाडू आले, की संघचालकांची झोप उडवणारा पुढचा प्रश्न उभा राहतो: जुने किती ठेवायचे आणि पोरं किती?

नगर जिल्ह्यातल्या वाचकाला याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार प्रो कबड्डीत पुणेरी पलटणचा कर्णधार झाला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला त्याने चषक उचलला, तेव्हा त्याची पंचविशीही उलटली नव्हती. झहीर खान श्रीरामपूरचा आणि अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा, हे नगरकरांना तोंडपाठ असतं. अस्लमचं नाव मात्र कबड्डीवाल्यांच्या बाहेर अजून तेवढं घेतलं जात नाही. क्रिकेटचा हा जाच जुनाच आहे, त्याला इलाज नाही.

गोष्ट सुरू होते आठव्या हंगामात, म्हणजे डिसेंबर २०२१ मध्ये. करोनामुळे सगळे सामने बंगळुरूच्या एकाच हॉटेलात, प्रेक्षकांविना झाले. पलटणकडे नावं मोठी होती: नितीन तोमर कर्णधार, सोबत राहुल चौधरी. २०१७ च्या लिलावात ९३ लाखांना गेलेला नितीन तेव्हाचा सर्वांत महागडा खेळाडू होता, आणि राहुल तर लीगच्या सुरुवातीच्या वर्षांतला सर्वांत मोठा चेहरा. पण चढाया काही लागेनात. प्रशिक्षक अनुप कुमार स्वतः भारताचा माजी कर्णधार. त्याने नावांकडे न बघता अस्लम आणि हरियाणाचा मोहित गोयत या दोन नवख्यांना पुढे काढलं. दोघंही नव्या तरुण खेळाडूंच्या योजनेतून आलेले, म्हणजे मानधन ठरीव आणि माफक. याच दोघांनी हंगाम ओढला आणि पलटण बाद फेरीत पोचली. तिथे यूपी योद्धाने ४२-३१ असं हरवलं, पण संघाचा कणा सापडला होता.

आता गंमत बघा. त्याच हंगामाचं विजेतेपद नेलं ते दबंग दिल्लीने, आणि तेही जुन्यांच्या जोरावर. कर्णधार जोगिंदर नरवाल, सोबत मनजीत छिल्लर, संदीप नरवाल आणि चाळिशीला टेकलेला जीवा कुमार. बचावाची ही फळी बघून लोक हसले होते. दिल्लीने अंतिम सामन्यात पाटण्याला ३७-३६ असं एका गुणाने हरवलं. चढायांचा भार मात्र नवीन कुमार आणि विजय मलिक या जवान पायांवर होता.

म्हणजे एकाच वर्षी, एकाच मॅटवर, दोन उलटी उत्तरं. यातून ‘निम्मे जुने, निम्मे नवे’ असा सोपा पाढा काढायचा मोह होतो. तो पाढा खोटा आहे, कारण कबड्डीत वय सगळ्या जागांवर सारखं चढत नाही.

चढाईपटूचं भांडवल म्हणजे पहिलं पाऊल आणि वळण. तीस सेकंदांत सात जणांच्या गोटात शिरायचं, बोनस रेषेवर पाय टाकायचा किंवा कोणाला तरी शिवायचं आणि मध्यरेषेकडे झेपावायचं. गुडघा किंचित सैल पडला की हे सगळं अर्ध्या वितीने कमी पडतं, आणि तेवढ्यात घोटा सापडतो. कोपऱ्यावरच्या बचावपटूचं तसं नाही. गावोगावच्या स्पर्धांत पाहिलेलं आठवा. संघातली पोरं चढाईला पळतात आणि डाव्या कोपऱ्यावर उभा असतो गुडघ्याला पट्टा बांधलेला, लग्न झालेला, दोन पोरांचा बाप. शेजाऱ्याचा हात धरून तो पुटपुटत असतो: ‘आत येऊ दे, आत येऊ दे, अजून नको.’ चढाईपटू दोनदा हूल देतो, हा हलत नाही. तिसऱ्यांदा खरं पाऊल पडतं आणि घोटा याच्या पंज्यात असतो. वीस वर्षांचा पोरगा पहिल्याच हुलीला झेप घेतो, स्पर्श देतो आणि बाहेर बसतो. वर साखळी तुटते ती वेगळीच. घाई न करणं ही कोपऱ्यावरची निम्मी कला आहे, आणि ती वयानेच येते. आठव्या हंगामात दिल्लीने जुने घेतले ते बचावात आणि तरुण ठेवले ते चढाईत, त्याचं कारण हेच.

पलटणनेही पुढच्या वर्षी हेच ओळखलं. नवव्या हंगामासाठी त्यांनी इराणचा फझल अत्राचली १ कोटी ३८ लाखांना घेतला आणि कर्णधार केला. डावा कोपरा, वय तीस, यू मुंबा आणि पाटणा अशा दोन संघांकडून विजेतेपद चाखलेला. भोवती अस्लम, मोहित, पंकज मोहिते, आकाश शिंदे, गौरव खत्री, संकेत सावंत अशी पोरं, प्रशिक्षक बी. सी. रमेश. संघ थेट अंतिम फेरीत गेला. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईला जयपूरकडून ३३-२९ असा हरला. अस्लम आणि मोहित दोघंही दुखापतीमुळे बाहेर होते. पोरांवर उभ्या असलेल्या संघाची दुसरी बाजू अशीच एका संध्याकाळी दिसते: पाय तरुण असले तरी दुखायचे थांबत नाहीत.

इथून पुढचा निर्णय मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत धाडसी वाटतो. ज्याने अंतिम फेरी दाखवली त्या फझलला पलटणने सोडलं. ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात गुजरातने त्याला १ कोटी ६० लाखांना उचललं. पलटणने त्याच डाव्या कोपऱ्यासाठी इराणचाच मोहम्मदरेझा शादलोई घेतला, २ कोटी ३५ लाखांना. वयाने आठ वर्षांनी लहान, किमतीने पाऊण कोटीने महाग. आणि कर्णधारपद दिलं टाकळीभानच्या पोराला, जो लिलावाच्या आधी दोन दिवस हांगझोला आशियाई सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय संघात होता. त्या अंतिम सामन्यात समोर इराणच होतं.

आता हिशोब मांडू. त्या हंगामात प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्चायला पाच कोटी होते आणि किमान अठरा खेळाडू घ्यायचे होते. एका शादलोईवर २ कोटी ३५ लाख गेले की उरलेल्या सतरा जणांना मिळून २ कोटी ६५ लाख. सरासरी काढली तर माणशी सोळा लाखांच्याही आत. दुसरा एखादा संघ यात कोलमडला असता. पलटण तरली, कारण संघाचा गाभा तिने लिलावात विकत घेतलाच नव्हता. तो ‘युवा पलटण’ या तिच्या स्वतःच्या प्रशिक्षण फळीतून आणि नवख्यांच्या योजनेतून आला होता. त्या योजनेत पोरगा काही हंगाम ठरलेल्या दरात संघाकडे राहतो. म्हणजे महागडा खेळाडू परवडतो तो स्वस्त पोरांमुळे.

पण ते स्वस्तपण उसनं असतं आणि त्याची मुदत संपते, हे वाचताना सुटू नये. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये हीच गोष्ट उघड नियमाने चालते. मुख्य संघाच्या चालू यादीत २६ खेळाडू. त्यांच्या खाली छोट्या लीगच्या पायऱ्या, जिथे पोरं वर्षानुवर्षं घासली जातात. मुख्य लीगमध्ये सहा वर्षांची सेवा भरेपर्यंत खेळाडूला मोकळं होऊन हव्या त्या संघाशी करार करता येत नाही. त्यातही पहिली दोनतीन वर्षं पगार बेताचाच. म्हणून तिथले शहाणे संघ ‘आपली पोरं स्वस्त कधीपर्यंत’ हे कॅलेंडरवर लिहून ठेवतात आणि अनुभवी खेळाडूंवर पैसा ओततात तो नेमका त्याच वर्षांत. पोरं कच्ची असताना महागडे जुने आणणं म्हणजे पैसा पाण्यात, आणि पोरं महाग झाल्यावर जुन्यांसाठी पैसा उरत नाही.

पलटणचं वर्ष होतं २०२३-२४. साखळीत २२ पैकी १७ सामने जिंकले, फक्त दोन हरले. शादलोईने पकडींचे ९९ गुण मिळवले. अस्लम हंगामाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. अंतिम सामन्यात हरियाणाविरुद्ध पंकज मोहितेने पहिल्या डावाच्या अखेरीस एकाच चढाईत चार गुण आणले आणि २८-२५ असा निकाल लागला. पुढे तीनच आठवड्यांत वरिष्ठ गटाची राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा नगरच्याच वाडिया पार्कवर भरली. जिल्ह्यातल्या कबड्डीला यापेक्षा चांगला मार्च क्वचितच मिळाला असेल.

मग मुदत संपली. विजेत्या पोरांचे दर वाढतात आणि थैली मात्र तेवढीच राहते. अकराव्या हंगामाआधी शादलोई सुटला. हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतलं आणि त्याच वर्षी अजिंक्यपद मिळवलं, तेही पुण्यात बालेवाडीला. अस्लमचा गुडघा मध्येच गेला, हंगाम हुकला आणि पलटण बाद फेरीपर्यंतही गेली नाही. गाभा तोच असून संघ घसरला. कर्णधार आणि डावा कोपरा, दोन्ही खिळे एकदम निघाले की चौकट हलणारच.

२०२५ च्या बाराव्या हंगामात पलटण पुन्हा उभी राहिली. प्रशिक्षक अजय ठाकूर, तोही भारताचा माजी कर्णधार. अस्लम परत मॅटवर. आणि चढाईत नवं नाव, आदित्य शिंदे. साखळीत पलटण अव्वल. ३१ ऑक्टोबरला दिल्लीत अंतिम सामना, समोर दबंग दिल्ली. त्यांचा प्रशिक्षक कोण? आठव्या हंगामात मॅटवरून कर्णधारपद सांभाळणारा तोच जोगिंदर नरवाल. अनुभव संघात ठेवायची ही आणखी एक वाट आहे आणि ती बरीच स्वस्त पडते: खेळाडूंच्या थैलीत प्रशिक्षकाचं मानधन मोजलं जात नाही. दोन्ही संघांनी ती धरली होती. पण बाकावरचा माणूस फार तर वेळ मागून तीस सेकंद कानात बोलू शकतो, घोटा पकडायला तो आत येऊ शकत नाही.

आणि दिल्लीच्या डाव्या कोपऱ्यावर उभा होता फझल अत्राचली, तेव्हा तेहतीस वर्षांचा. शेवटच्या मिनिटाला दिल्ली दोन गुणांनी पुढे, चढाईला आदित्य शिंदे, त्या दिवशी पलटणचा सर्वांत चालणारा खेळाडू. फझलने वाट पाहिली आणि पकड केली. निकाल ३१-२८.

यावर लगेच म्हटलं गेलं की पलटणने फझलला सोडायलाच नको होतं. मला ते पटत नाही. २०२३ साली त्याला ठेवला असता तर शादलोई आला नसता, कर्णधारपद अस्लमकडे गेलं नसतं आणि २०२४ चा चषकही कदाचित आला नसता. चूक काढायचीच तर ती पुढची काढावी: शादलोई गेल्यावर त्या कोपऱ्यावर सामन्याची शेवटची पाच मिनिटं कोण सांभाळणार, याचं पक्कं उत्तर पलटणला दोन हंगामांत सापडलं नाही. अस्लमच्या पिढीतलं कोणी तिथे मुरेपर्यंत बाहेरचा एखादा जुना हात वर्ष-दोन वर्षांसाठी घ्यावा लागेल. अस्लम चढाईइतकाच बचावातही उभा राहतो, त्यामुळे आणखी चार वर्षांनी तो हात त्याचाच असू शकतो.

पुढच्या भागात दुखापत: गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूला संघ परत कधी आणि कोणत्या चाचण्यांनंतर उतरवतो.