रॅप की रंग? आधी पत्रा तपासा

गाडीच्या देखभालीबद्दल बोलताना एक प्रश्न हमखास येतो. गाडी आठ-दहा वर्षांची झाली, इंजिन ठणठणीत आहे, पण रंग विटला आहे आणि हाताशी पैसे मोजकेच आहेत. अशा वेळी विनाइल रॅप करून घ्यावा की नव्याने रंग द्यावा?

बहुतेक जण इथे थेट दोन्हींचे दर विचारायला निघतात. मी म्हणतो, आधी पत्रा बघा. रॅप म्हणजे अंगरखा आहे. अंग धडधाकट असेल तर तो शोभतो, पण जखमेवर अंगरखा चढवला तर आत जखम चिघळते.

असे का, ते समजून घेऊ. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. सगळे मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन. ऊन-पाऊस आधी क्लिअर कोट झेलतो. तो खराब झाला की रंग पांढुरका दिसतो आणि पापुद्रे सुटतात. रॅपची फिल्म या क्लिअर कोटलाच चिकटते. पापुद्रे सुटत असतील तर फिल्म पापुद्र्याला धरून राहील आणि काढताना रंगासकट उचकटून येईल.

घरच्या घरी अर्ध्या तासात चार तपासण्या होतात.

पहिली : गाडी धुऊन, पुसून सकाळच्या उजेडात पत्र्याकडे तिरप्या नजरेने बघा. पोचे आणि लाटा दिसतील. फिल्म पातळ असते, ती पोचा झाकत नाही. चकचकीत फिल्मवर तर तो जास्तच उठून दिसतो.

दुसरी : रंग उडालेल्या जागेच्या कडेला मास्किंग टेप दाबून चिकटवा आणि झटक्यात ओढा. टेपला रंग चिकटून आला, तर त्या भागावर रॅप नको.

तिसरी : लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. जिथे तो सैल धरतो, तिथे खाली पुट्टीचा जाड थर असू शकतो. बंपर प्लास्टिकचे असतात, ते यातून वगळा.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची : दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, दाराखालचा उंबरा आणि डिकीत स्टेपनीखालची जागा बघा. रंगाला फुगे आले असतील तर खाली गंज आहे. गोवा, मंगळुरू, चेन्नई अशा किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी ही तपासणी टाळूच नये. खारी हवा पत्रा आतून खाते.

आता निर्णय सोपा होतो. क्लिअर कोट शाबूत आहे आणि फक्त चमक गेली आहे, तर आधी चांगले पॉलिश करून बघा. पुष्कळदा तेवढ्यावर भागते. एक-दोन भागच खराब असतील, तर तेवढेच पॅनेल रंगवा. रंग घट्ट आहे, पण रूप बदलायची हौस आहे, तर रॅप योग्य. आणि पापुद्रे किंवा गंज असेल, तर डेंटिंग-पेंटिंगला पर्याय नाही. उंबऱ्यासारख्या भागातला गंज हा दिसण्याचा नव्हे, तर गाडीच्या मजबुतीचा प्रश्न आहे.

रॅप घेताना फिल्म ‘कास्ट’ आहे की ‘कॅलेंडर्ड’, हे विचारा. कास्ट फिल्म पातळ, साधारण 50 मायक्रॉनची असते. ती वळणांवर नीट बसते आणि कमी आकसते. कॅलेंडर्ड स्वस्त आणि जाड असते, पण कडांवरून मागे सरकते. सपाट पट्ट्यांसाठी ती चालेल, पूर्ण गाडीसाठी नको. कापताना ब्लेड थेट रंगावर चालवू देऊ नका. ओरखडा खोल गेला की पुढे तिथूनच गंज धरतो. बॉनेट आणि टपावर ऊन सरळ पडते, म्हणून तिथली फिल्म आधी खराब होते. नागपूर-इंदूरकडे गाडी उघड्यावर उभी राहत असेल, तर हे हिशेबात धरा. फिल्मचे आयुष्य संपले की ती वेळेत काढा. जुनी फिल्म तुकड्या-तुकड्यांनी निघते, गोंद मागे राहतो आणि मजुरी वाढते. ताज्या रंगावर रॅप करायचा असेल, तर तीन-चार आठवडे थांबा.

रंग देताना जुना थर कुठवर घासणार, गंज कापून काढणार की वरून पुट्टी भरणार आणि रंग बंद बूथमध्ये मारणार की उघड्यावर, हे लिहून घ्या. स्वस्त रंगकाम बहुधा या तीन ठिकाणीच स्वस्त होते.

हिशेब वर्षावर करा. समजा, रॅपला 50 हजार लागले, काढायला 5 हजार, आणि तो पाच वर्षे टिकला. वर्षाला 11 हजार पडले. रंगाला 60 हजार लागले आणि तो आठ वर्षे टिकला, तर वर्षाला साडेसात हजार. आकडे तुमच्या गावचे घाला. शिवाय खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. तेराव्या वर्षी मोठा खर्च करण्यापूर्वी गाडी पुढे ठेवणार आहात का, हे ठरवा.

कायद्याचेही बघा. आरसीवर गाडीचा रंग नोंदलेला असतो. पूर्ण रंग बदलणार असाल, तर रॅप असो वा पेंट, आधी आरटीओत विचारून नोंद करून घ्या आणि विमा कंपनीला कळवा. माझ्यासारख्या फौजीला जीपवर ऑलिव्ह ग्रीन बघायला आवडतो, हे खरे. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 121 प्रमाणे तो रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. नियमात रंगवण्याचा उल्लेख आहे, म्हणून फिल्म चालेल अशी पळवाट शोधू नका.

शेवटची गोष्ट जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी. गाडी पूर्ण रॅप केलेली असेल, तर खाली काय आहे ते दिसत नाही. मालकाला दाराची खालची कड आणि चाकावरची कमान एवढ्या दोन जागांची फिल्म सोडवून दाखवायला सांगा. तो तयार नसेल, तर दुसरी गाडी बघा.