जुनी धुलाई-यंत्रे आणि धुण्याचे शब्द
गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात एक टिपण

१९०९ साली हायडेलबर्ग येथून एक जर्मन नियतकालिक निघू लागले. त्याच्या नावाचा अर्थ 'शब्द आणि वस्तू' असा होता. रूडोल्फ मेरिंगर आणि त्याच्या सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, शब्दाचा इतिहास लिहावयाचा तर ज्या वस्तूला तो शब्द लागला तिचा इतिहास ठाऊक असला पाहिजे. पुढे याबेर्ग आणि युड ह्यांनी १९२८ ते १९४० ह्या काळात इटली व दक्षिण स्वित्झर्लंड यांचा भाषिक नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यासाठी हिंडणाऱ्या पाउल शॉयरमायरने शब्दांबरोबरच अवजारांची छायाचित्रेही घेतली. आपल्याकडे बोलींचा अभ्यास पुष्कळ झाला. परंतु वस्तू समोर ठेवून शब्द विचारण्याची ही रीत म्हणावी तशी रुजली नाही. कपडे धुण्याच्या जुन्या यंत्रांच्या निमित्ताने तिचा उपयोग कसा करता येईल, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

जुनी धुलाई-यंत्रे जपण्याचा छंद पाश्चात्त्य देशांत आता अपरिचित राहिलेला नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ईटन येथे ली मॅक्सवेल ह्यांनी हजारांहून अधिक यंत्रांचा संग्रह उभा केला. आपल्याकडे पुण्यास दिनकर गंगाधर केळकर ह्यांनी दिवे, अडकित्ते, फण्या, भांडी अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि १९७५ साली तो संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. पितळी अडकित्त्याचे सौंदर्य डोळ्यांत भरते. पत्र्याच्या व प्लास्टिकच्या दोन टाक्यांच्या यंत्राचे भरत नाही. म्हणून अडकित्ता संग्रहालयात जातो आणि यंत्र भंगारवाल्याच्या हातगाडीवर. हा निवाडा सौंदर्याचा झाला, इतिहासाचा नव्हे.

हे दोन टाक्यांचे यंत्र भारतातील मध्यमवर्गीय घरांत १९८० नंतरच्या दोन दशकांत पसरले. त्याची रचना साधी आहे. एका टाकीच्या तळाशी कंगोरेदार चकती असते; ती आलटून पालटून दोन्ही दिशांनी फिरते आणि पाणी घुसळते. (पंजाबात अशा यंत्रात लस्सी घुसळतात, ही गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. तीत विनोद वाटला तरी यंत्राच्या क्रियेचे आकलन चुकलेले नाही; चकती ही रवीच होय.) दुसऱ्या टाकीत छिद्रे असलेले भांडे वेगाने फिरते आणि कपड्यांतील पाणी बाहेर फेकले जाते. पाणी बादलीने वा नळीने भरावयाचे, वेळेची कळ फिरवावयाची, धुतलेले कपडे हाताने उचलून दुसऱ्या टाकीत घालावयाचे, पाणी सोडून द्यावयाचे आणि खंगाळण्यासाठी पुन्हा तोच क्रम. नळाला पाणी ठरावीक वेळीच येते अशा गावी हे यंत्र अजून टिकून आहे, त्याचे कारणही हेच.

भाषेच्या दृष्टीने ह्या यंत्राचे महत्त्व त्याच्या अर्धवटपणात आहे. तलावाच्या काठी धुणे धुताना क्रियांची एक साखळी असे : भिजवणे, साबण लावणे, आपटणे किंवा बडवणे, खंगाळणे, पिळणे, झटकणे, वाळू घालणे. दोन टाक्यांच्या यंत्राने त्यांतील आपटणे आणि पिळणे ही दोन क्रियापदे काढून घेतली, बाकीची राहू दिली. पूर्ण स्वयंचलित यंत्राने मात्र झटकण्याच्या अलीकडची सगळी साखळी 'मशीन लावणे' ह्या एका वाक्प्रचारात मिटवून टाकली. म्हणजे अर्धे यंत्र हा शब्दांच्या इतिहासातील मधला थर आहे, आणि भंगारात आज तोच थर चालला आहे. 'पीळ' मिशांत आणि सुंभात राहील. कपड्यांतला पीळ जाईल.

नवे शब्दही पाहण्याजोगे आहेत. दुसऱ्या टाकीला आपल्याकडे सर्रास 'ड्रायर' म्हणतात. इंग्रजीत तो शब्द उष्ण हवेने कपडे कोरडे करणाऱ्या स्वतंत्र यंत्राला लागतो. आपल्या ड्रायरमधून निघालेला कपडा ओलसरच असतो व दोरीवर जातो. अर्थ बदलला तो चुकीने नव्हे, तर येथे उन्हाची वाण नसल्यामुळे. 'मशीन' हा शब्द प्रमाण मराठीत बहुधा नपुंसकलिंगी, परंतु विदर्भात 'मशीन बिघडली' असे स्त्रीलिंगी रूपच कानी पडते. शेजारच्या हिंदीचा हा परिणाम उघड आहे.

गोंदिया जिल्हा (१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला) अशा पाहणीस विशेष अनुकूल का, हे आता ध्यानात येईल. उत्तरेस मध्य प्रदेशातील बालाघाट, पूर्वेस छत्तीसगड. जिल्ह्यात झाडीबोली, पोवारी, हिंदी आणि गोंडी ह्यांचा शेजार. झाडीबोलीत 'ण'च्या जागी 'न' आणि 'ळ'च्या जागी 'र' येतो, 'डोळा'चा 'डोरा' होतो; तेव्हा कोशातील 'पिळणे' हे रूप मनात धरून प्रश्न विचारणाऱ्याच्या हातून येथील उच्चार निसटण्याचा संभव फार. धुणाऱ्यांच्या नावांतही हेच वैविध्य आहे. पश्चिम महाराष्ट्रात 'परीट', इकडे 'वरठी', त्याच्या उत्तरेस 'बरेठा'. रसेल व हिरालाल ह्यांच्या १९१६ च्या ग्रंथात ही नावे एकाच प्रकरणाच्या शीर्षकात आली आहेत. 'व' आणि 'ब' ह्यांचा मराठी-हिंदी संबंध परिचित असल्याने 'वरठी' व 'बरेठा' ही एकाच शब्दाची रूपे मानण्यास हरकत नाही. मात्र भंडाऱ्याजवळच्या वरठी गावाचे नाव ह्यावरूनच पडले, असे केवळ ध्वनिसाम्यावरून ठरवू नये. ग्रामनामांच्या व्युत्पत्तीत अशा उड्या फार झाल्या आहेत.

प्रत्यक्ष काम करताना यंत्र चालू स्थितीत असेल तर उत्तम. नसले तरी झाकण उघडून ते वापरणाऱ्या बाईपुढे ठेवावे आणि तिला क्रम सांगू द्यावा. 'याला काय म्हणता?' ह्या प्रश्नाला बहुधा शाळेतले किंवा दुकानातले नाव मिळते. हात हालू लागले की घरातले क्रियापद येते. नोंदपत्रावर यंत्राची नावपट्टी, खरेदीचे साल, दुरुस्तीच्या खुणा ह्यांबरोबर बोलणारीचे वय, घरची बोली आणि माहेरचे गाव अवश्य लिहावे. बालाघाटकडून आलेली सून आणि तिरोड्याची सासू एकाच यंत्राशी दोन बोलींत बोलत असतील, तर त्या दोन नोंदी होत. त्यांची सरासरी काढावयाची नसते. वरठी समाजातील वृद्धांकडे धुण्याच्या कामाचे शब्द स्वतंत्रपणे विचारावेत. त्यांचा व्यवसाय बलुत्याचा होता, घरच्या धुण्याचा नव्हे. भट्टी, खळ, नीळ, घडी ही त्यांची शब्दसंपत्ती निराळी आहे. 'परीटघडी' हा शब्द प्रमाण भाषेने तेथूनच उचलला.

नावपट्टीचे महत्त्वही थोडे नाही. औरंगाबादेतून (आजचे छत्रपती संभाजीनगर) वाढलेल्या व्हिडिओकॉनची यंत्रे एके काळी घरोघर दिसत. ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. यंत्राचे वय पट्टीवरून ठरेल. परंतु मामा तलावावर धुणे धुतलेली, घरात पहिले यंत्र आलेले पाहिलेली आणि आज स्वयंचलित यंत्राची कळ दाबणारी अशी एकच बाई ह्या तिन्ही थरांची साक्षीदार असते, आणि त्या पिढीतील बहुतेक जणी आज साठीच्या पुढे आहेत. विभागातील विद्यार्थ्यांनी उन्हाळी सुटीत आपापल्या गावी पहिली नोंद घरापासूनच करावी.