मातीतली ठेव आणि अचौर्यव्रत

जमिनीतील धातू हुडकणारे यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर, आता हौशी माणसालाही विकत मिळते. त्याच्या वेटोळ्यातून बदलते चुंबकीय क्षेत्र मातीत शिरते. तेथे धातू असल्यास त्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि यंत्र आवाज करते. त्यापलीकडे ते फारसे काही सांगत नाही. वस्तू कोणती, कोणत्या काळातील आणि कोणाची, हे प्रश्न माणसालाच सोडवावे लागतात.

ठाणे-कल्याणच्या मातीत हे प्रश्न विशेष गुंतागुंतीचे होतात. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आहेत. शिलाहारांच्या लेखांत ठाणे ‘श्रीस्थानक’ म्हणून येते, तर श्रीपालकथेमुळे ते जैन परंपरेलाही जवळचे आहे. पुढे पोर्तुगीज, 1739 नंतर मराठे, मग इंग्रज आले. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी होती. तेथेच आज उल्हासनगर आहे. इतक्या काळांच्या वस्तू एकाच परिसरात सापडू शकतात.

ओळख पटवण्याची सुरुवात वजन, आकार आणि अक्षरे यांपासून होते. जाडसर, लहान, हिणकस चांदीच्या नाण्यावर ठिपके आणि रेघाच दिसल्या, तर ते मध्ययुगीन ‘गधैया’ असू शकते. इराणच्या सासानी नाण्यांवरील राजाचा मुखवटा व अग्निवेदी नकलांच्या नकला होत होत अशा विरूप झाल्या. तांब्याच्या नाण्यावर एकीकडे ‘श्री राजा शिव’ व दुसरीकडे ‘छत्रपति’ असेल, तर ती शिवराई. अक्षरे नसलेला पितळी तुकडा काट्यावर 11.66 ग्रॅम भरला, तर ते सराफाचे तोळ्याचे वजन असण्याचा संभव आहे. त्याचा बारावा भाग म्हणजे मासा. लष्करी गणवेशाच्या बटणामागे पुष्कळदा बनवणाऱ्याचे नाव सापडते.

मात्र घरातील तांब्या-पितळेप्रमाणे अशी वस्तू चिंचेने किंवा राखेने घासू नये. गंजाच्या थराबरोबर अक्षरेही निघून जातात.

वस्तूइतकेच तिचे सापडण्याचे ठिकाण मोलाचे असते. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील सोपारा येथे स्तूप उत्खनित केला. त्यात एकात एक ठेवलेल्या करंडकांबरोबर यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले. तेच नाणे बाजारात मिळाले असते, तर एक जुने नाणे एवढीच त्याची किंमत झाली असती; स्तूपात मिळाल्यामुळे त्या ठेवीचा काळ ठरवण्यास आधार मिळाला. त्याआधी, 1787 मध्ये, ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचे शक 939चे, म्हणजे इ.स. 1017चे, ताम्रपट निघाले. ते भांड्याच्या भट्टीत न जाता विद्वानांपर्यंत पोहोचले, म्हणूनच ते वाचले गेले.

येथे कायदा आणि धर्म एकत्र येतात. 1878च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची मौल्यवान वस्तू सापडल्यास तिचे स्वरूप, ठिकाण व दिनांक जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागतात. न कळवणाऱ्याचा हिस्सा जातो आणि शिक्षाही होऊ शकते. कळवणाऱ्याचा हक्क मात्र कायदा राखतो: ठेव बेवारस ठरल्यास आणि वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला, उरलेला भाग जमीनमालकाला. शासनास ती हवी असल्यास धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक द्यावे लागते. अंबरनाथच्या शिवमंदिरासारख्या संरक्षित वास्तूच्या आवारात परवानगीविना खणणे हाच गुन्हा आहे.

जैन श्रावकाला ही शिस्त परकी नाही. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात दुसऱ्याने ठेवलेली, पडलेली किंवा विसरलेली वस्तू, ती दिलेली नसताना, स्वतः न घेणे व दुसऱ्यालाही न देणे, असे अचौर्याणुव्रताचे स्वरूप सांगितले आहे. जमिनीतली ठेव या तिन्ही प्रकारांत मोडू शकते. ठेवणारा माणूस केव्हाच गेला, पण त्यामुळे ती सापडणाऱ्याला दिली गेली असे होत नाही.

म्हणून वस्तू सापडताच जागेचे छायाचित्र, खोली व दिनांक यांची नोंद करावी, पुढे खणू नये आणि जिल्हाधिकारी कार्यालयास कळवावे. बॉम्ब किंवा तोफगोळ्यासारखे काही दिसल्यास हात न लावता पोलिसांना बोलवावे. ओळख पटवण्याचा आनंद त्याने कमी होत नाही. वस्तू मात्र पुढच्या पिढीसाठी उरते.