पाहुणा, यजमान आणि त्यांचा दुभाषी

एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक नांदतो, हे ऐकून पुष्कळांना आजही नवल वाटते. हा दुसरा संगणक धातूचा घडविलेला नसतो. सॉफ्टवेअरने उभा केलेला तो एक भास असतो. म्हणूनच त्यास आभासी यंत्र अथवा व्हर्च्युअल मशीन म्हणतात. ज्या खऱ्या संगणकावर ते राहते तो यजमान आणि आत राहणारे ते यंत्र म्हणजे पाहुणा, अशी ह्या शास्त्राची रूढ परिभाषाच आहे. आयबीएम कंपनीने १९७२ साली आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. १९९९ साली व्हीएमवेअर कंपनीने तशीच सोय मेजावरच्या संगणकांसाठी बाजारात आणली.

मौज अशी की, आपण पाहुणे आहोत ह्याची जाणीवच पाहुण्याला नसते. सारे घर आपलेच आहे, अशा समजुतीने तो वागतो. भासाचे यश ते हेच. परंतु अडचणींचे मूळही तेच.

घड्याळाचे उदाहरण घ्या. यजमान आपला प्रोसेसर अनेक पाहुण्यांना पाळीपाळीने देतो. ज्याची पाळी नसेल त्याचे काम तेवढा वेळ थांबते, आणि ठोके मोजून चालणारे त्याचे घड्याळ मागे पडू शकते. रात्री गोठवून ठेवलेले यंत्र सकाळी जागे केले, तर ते कालचीच संध्याकाळ धरून बसण्याचा संभव असतो. मग हिशेबाच्या नोंदींवर चुकीची वेळ पडते. ह्यावर उपाय म्हणून पाहुण्याच्या आत एक लहानसा सॉफ्टवेअर-संच बसवितात. व्हीएमवेअर टूल्स, व्हर्च्युअलबॉक्सचे गेस्ट ॲडिशन्स ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे होत. हा संच म्हणजे पाहुणा व यजमान ह्यांच्यामधील दुभाषीच. तो यजमानाकडून खरी वेळ विचारून घेतो आणि पाहुण्याचे घड्याळ लावून देतो.

स्मृतीच्या वाटणीत तर ह्या दुभाष्याची कामगिरी विशेष चतुराईची आहे. पाहुण्याला दिलेल्या स्मृतीपैकी कोणता भाग त्याला निकडीचा आणि कोणता पडून आहे, हे यजमानाला बाहेरून नीट कळत नाही. म्हणून पाहुण्याच्या आत एक ‘फुगा’ ठेवतात. यजमानाला टंचाई भासली की फुगा फुगतो, म्हणजे तो पाहुण्याकडे स्मृती मागू लागतो. पाहुणा आपल्या घरचे जाणतो. तो बिनगरजेचा भाग आधी सोडतो, आणि ती जागा यजमान दुसऱ्या गरजवंताला देतो. कार्ल वॉल्डस्पर्गर ह्यांनी २००२ सालच्या आपल्या निबंधात ही युक्ती विशद केली आहे.

तथापि सर्वांत मोलाचे काम निरोप पोहोचविण्याचे. यजमानाने भिंतीतला प्लग उपटावा तसे पाहुण्याला एकाएकी बंद केले, तर अर्धवट लिहिलेली माहिती बिघडू शकते. दुभाषी असला म्हणजे ‘आवरते घ्या’ असा निरोप आत जातो आणि यंत्र रीतसर बंद होते. माहितीची जपणूक म्हणून यंत्राची प्रत काढतानाही, हातातले लेखन डिस्कवर उतरवून क्षणभर स्वस्थ राहण्यास तो पाहुण्याला सांगतो. अशी प्रत संकटकाळी अधिक भरवशाची ठरते.

एक सावधगिरी मात्र हवी. हाच संच दोन्ही घरांमध्ये फायलींची व मजकुराची देवघेव करणारे दारही उघडू शकतो. संशयास्पद प्रोग्रॅम तपासण्यासाठी आभासी यंत्र उभारले असेल, तर ते दार बंद ठेवावे. शिवाय, जुना झालेला संच वेळोवेळी नवा करून घ्यावा.

भास कितीही हुबेहूब असला, तरी आपण कोणाच्या घरी राहतो हे पाहुण्याला थोडे कळलेले बरे. त्यानेच दोघांचाही संसार सुखाचा होतो.