खेळाच्या मेजावरील मतभेद

बुद्धिबळाच्या पटावर घोडा कोणत्या घरात जाऊ शकतो, याविषयी सहसा वाद होत नाही. कारण तेथील प्रत्येक चाल नियमांनी आधीच ठरवून दिलेली असते. मेजाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळाचे तसे नाही. या खेळात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो आणि ते पात्र काय करते हे शब्दांनी सांगतो. त्यांच्यापैकी एक जण सूत्रधार होऊन प्रसंग उभा करतो व कृतीचा परिणाम जाहीर करतो. निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. माणसाला सुचणाऱ्या प्रत्येक कृतीसाठी नियम लिहिणे अशक्य असल्यामुळे या खेळात मतभेद अटळ ठरतात.

हा प्रश्न या खेळाहून जुना आहे. प्रशियाच्या सैन्यातील लेफ्टनंट फॉन राइसविट्झ याने १८२४ साली अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यात हानी फाशांनी ठरे आणि निकाल पंच देई. पुढे नियमांच्या पसाऱ्याने खेळ मंदावतो, अशी तक्रार होऊ लागली. तेव्हा १८७६ मध्ये फॉन व्हेर्दी याने अनुभवी पंचाच्या विवेकावर निर्णय सोपवावा, असे प्रतिपादन केले. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. युद्धखेळांच्या परंपरेतूनच तो जन्मला आणि पंचाचे काम त्यातील सूत्रधाराकडे आले.

एक उदाहरण घेऊ. या खेळात अग्निगोलाचा एक मंत्र आहे. १९७८ च्या नियमपुस्तकानुसार तो अग्नी जागेच्या आकाराप्रमाणे पसरून सुमारे ३३,००० घनफूट जागा व्यापतो. दहा फूट रुंद व दहा फूट उंच भुयारात तो सुमारे ३३० फूट लांब पसरणार. २०१४ च्या नियमांत मात्र तो केंद्रापासून वीस फुटांच्या आतच राहतो. समजा, भुयारात एका खेळाडूने शत्रूवर हा मंत्र टाकला आणि त्याचे सोबती शत्रूपासून साठ फुटांवर आहेत. जुने पुस्तक वाचलेला सूत्रधार त्यांना होरपळलेले ठरवील. नवे पुस्तक वाचलेला खेळाडू त्यांना सुरक्षित मानील. दोघेही प्रामाणिक आहेत, आणि कित्येक महिने जोपासलेले एखादे पात्र या निर्णयाने मरू शकते.

अशा वेळी प्रथम परस्परांच्या मनातील चित्र पडताळून पाहावे. “तुम्ही भुयार किती रुंद धरले आहे?” एवढ्या प्रश्नानेही पुष्कळ वाद मिटतात. त्यानंतर खेळाडूने आपला आक्षेप एकदाच, थोडक्यात आणि शक्य तर पुस्तकातील पान दाखवून मांडावा. सूत्रधाराने तो पूर्ण ऐकून निर्णय द्यावा, आणि तो न पटला तरी त्या बैठकीपुरता सर्वांनी मानावा. खेळ संपल्यावर पुस्तक उघडून पुढच्यासाठी नियम निश्चित करावा. सूत्रधाराची चूक झाली असेल, तर त्याने ती सर्वांसमोर मान्य करावी. त्याने त्याचा अधिकार कमी होत नाही.

याला एक अपवाद मात्र केला पाहिजे. पात्राचे मरण सहसा परत फिरविता येत नाही; म्हणून तसा प्रसंग आला, तर खेळ थांबवून नियम तेथेच पाहावा. त्याहून उत्तम म्हणजे फासे टाकण्यापूर्वीच, “तुझे सोबतीही यात सापडतील, तरी मंत्र टाकतोस का?” असे सूत्रधाराने विचारावे. फासे पडल्यानंतर केलेला युक्तिवाद, तो कितीही रास्त असला तरी, हरलेल्याची सबब वाटतो. तोच युक्तिवाद आधी केला, तर सर्व जण तो शांतपणे ऐकून घेतात.