घास आणि श्वास यांची वाट

जेवताना हसू-बोलू नये, असे वडीलधारी माणसे मुलांना सांगत आली आहेत. ही केवळ शिस्तीची गोष्ट नाही. श्वासनलिका पुढे आणि अन्ननलिका तिच्या मागे असल्यामुळे आपला प्रत्येक घास श्वासनलिकेच्या तोंडावरून जातो. चार्ल्स डार्विन यांनीही १८५९ साली या विचित्र रचनेची नोंद केली होती.

इतर सस्तन प्राण्यांतही या वाटा एकमेकींना छेदतात. पण त्यांचे स्वरयंत्र बरेच वर असते. पोर्ट लुईच्या शां दे मार्सवर, जेथे १८१२ पासून शर्यती सुरू झाल्या, धावणारा घोडा पाहा. तो फक्त नाकाने श्वास घेतो. काजात गुंडी बसावी तसे त्याचे स्वरयंत्र मऊ टाळूत बसलेले असते. धावताना ती गुंडी निसटली, तर घशात घरघर होते आणि घोडा मागे पडतो. तामारिनच्या उपसागरात दिसणाऱ्या डॉल्फिनचे स्वरयंत्र तर चोचीसारखे थेट नाकाच्या मार्गात शिरलेले असते. मासा त्याच्या बाजूने पोटात जातो.

आपली तान्ही बाळेही काहीशी अशीच असतात. स्वरयंत्र वर असल्यामुळे बाळ दूध ओढताना नाकाने श्वास घेत राहते. गिळताना मात्र क्षणभर थांबते. पुढे काही वर्षांत स्वरयंत्र खाली उतरते आणि ठसक्याचा धोका वाढतो.

हा धोका आपण बोलण्यासाठी पत्करला, असे पुष्कळ दिवस मानले जाई. परंतु २००१ साली युरोपातील तांबड्या हरणाच्या नराचेही स्वरयंत्र खाली असल्याचे दिसून आले. ओरडताना तो ते आणखी खाली ओढतो, त्यामुळे आवाज भारदस्त होतो. आपल्या बेटावरील रानांत जी लांब शेपटीची माकडे आहेत, त्याच जातीच्या माकडांचा घसा २०१६ साली क्ष-किरणांनी तपासला गेला. त्या घशातून अनेक स्वर निघू शकले असते, असे आढळले. उणीव घशाची नसून त्यावर ताबा ठेवणाऱ्या मेंदूची आहे. वाणी लाभली ती मुख्यतः मेंदूमुळे.

घशाचा धोका मात्र आपल्याकडे राहिलाच. गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते, त्यावरील झडप खाली वळते, स्वरतंतू मिटतात आणि श्वास थांबतो. हे सारे सुमारे एका सेकंदात घडते. त्याच वेळी हसलो किंवा बोललो, तर दार उघडे राहते. म्हातारपणी किंवा अर्धांगवायूनंतर ही हालचाल मंदावते. म्हणून वृद्धांना ताठ बसवून, लहान घासांनी, सावकाश भरवावे. लहान मुलांना अख्खे शेंगदाणे किंवा अख्खी द्राक्षे देऊ नयेत. पाणी पिताना कुणाला वारंवार ठसका लागत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.