पाणी तोडू नका

आपल्या संस्थेच्या व्याख्यानमालेत कवितेवर, नाटकावर, सीमाभागातल्या बोलीवर बोलणारी मोठी माणसे होऊन गेली. त्याच मालेत मुलांच्या जुलाबांवर चार शब्द सांगायला एका होमिओपॅथीच्या डॉक्टराला बोलावले, याचे मला जेवढे नवल वाटले तेवढेच वाचकांनाही वाटेल. पण आपल्या भाषेने पाण्याला ‘जीवन’ हेच नाव दिले आहे. त्या एका शब्दाचा अर्थ मला नीट कळायला एक चूक करावी लागली. ती आधी सांगतो.

दवाखाना घालून दोन वर्षे झाली होती. मिरगाचा पाऊस पडून गढूळ पाणी विहिरींत उतरले होते. जवळच्या खेड्यातून सव्वा वर्षाच्या मुलीला घेऊन तिची आजी आली. जुलाब, उलट्या. मी लक्षणे विचारली, पुड्या दिल्या आणि सांगितले, “पोटाला आराम द्या.” दुसऱ्या दिवशी दुपारी तीच आजी परत आली. मुलीचे डोळे खोल गेलेले, टाळू खाली बसलेली, रडते आहे पण डोळ्यांत टिपूस नाही. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहिली. आजी म्हणाली, “तुम्ही सांगितल्यापासनं पाण्याचा थेंब सुदीक दिला नाही बघा डाक्टर. घातलं की ढाळ हुतंय.”

मी स्वतः रिक्षात बसून तिला सरकारी दवाखान्यात नेले. सलाईन लागले, मुलगी वाचली. ती माझ्या पुड्यांनी वाचली नाही, आणि जवळजवळ गेली होती ती माझ्या तीन शब्दांनी. डॉक्टराने बोललेला शब्द घरी जाऊन काय अर्थ घेतो, याचा विचार मी केला नव्हता.

त्या आजीचा समज आजही घरोघर आहे. पाणी पाजले की जुलाब वाढतात, म्हणून पाणी तोडायचे. दिसायला हे खरेही वाटते. पण जुलाबात मूल जंतूंनी क्वचित मरते. ते मरते अंगातले पाणी आणि मीठ निघून गेल्याने. दहा किलो वजनाच्या मुलाच्या अंगातून एक लिटर पाणी गेले, तर वजनाचा दहावा हिस्सा गेला. एवढ्यावर रक्ताभिसरण कोलमडू लागते. लहान मुलाला तिथवर पोचायला एक रात्र पुरते.

मग नुसते पाणी पाजले तर? ते पुरत नाही. आतड्याच्या आतल्या अस्तरात एक दार आहे. मिठातले सोडियम आणि साखरेतले ग्लुकोज जोडीने आले की ते दार उघडते, आणि त्या दोघांच्या मागोमाग पाणी रक्तात ओढले जाते. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० साली ही गोष्ट मांडली. पटकीच्या विषाने आतड्यातून पाण्याचे लोट वाहू लागतात, तरीही हे दार शाबूत राहते. गळक्या घागरीला भोक असले तरी तोंडाने भरता येते, तसे हे आहे. भरणे गळतीपेक्षा जास्त ठेवले की झाले. १९६८ साली ढाक्याच्या पटकी संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या तरुण डॉक्टरांनी पटकीच्या रोग्यांवर हे दाखवून दिले. तरी मोठ्या दवाखान्यांचा विश्वास बसेना. सलाईनची बाटली टांगल्याशिवाय उपचार झाल्यासारखे वाटत नाही, हे तेव्हाही होते.

विश्वास बसला तो १९७१ साली. बांगलादेशचे युद्ध पेटले होते, निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये येत होते, आणि छावण्यांत पटकी पसरली होती. सीमेजवळच्या बनगाव इथल्या रुग्णालयात कलकत्त्याहून डॉ. दिलीप महालनबीस आले. ते मूळचे बालरोगतज्ज्ञ. खोल्यांत जमिनीवर रोगी पडलेले, सलाईन संपत आलेले. तेव्हा त्यांनी ग्लुकोज, साधे मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या कलकत्त्यात भरून घेतल्या, पिंपात पाणी घेऊन त्यात त्या विरघळवल्या आणि पेले नातेवाइकांच्या हातात दिले. आईने मुलाला पाजायचे, भावाने भावाला. छावण्यांत मृत्यूचे प्रमाण शंभरात तीसच्या घरात होते. या पाण्यावर ठेवलेल्या रोग्यांत ते चारच्या खाली आले. १९७८ साली ‘लॅन्सेट’ने हा शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध असल्याचे म्हटले. महालनबीस २०२२ साली गेले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. हयातीत त्यांचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले होते, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

पुढचे काम बांगलादेशातल्या बायकांनी केले. १९८० ते १९९० या दहा वर्षांत ‘ब्रॅक’ या संस्थेच्या कार्यकर्त्या दारोदार फिरल्या आणि एक कोटीहून अधिक घरांत त्यांनी तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी हे माप शिकवले. त्यांचा मेहनताना किती घरे फिरलात यावर नव्हता. काही दिवसांनी दुसरे कोणी येऊन आईला विचारी, आणि तिला किती आठवते यावर तो ठरे. मला ही युक्ती फार आवडते. उपदेश केला म्हणजे तो पोचला असे नव्हे, हे त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळले होते.

१९८०च्या सुमारास जगात पाच वर्षांखालील पंचेचाळीस लाखांहून अधिक मुले दरवर्षी जुलाबाने दगावत असा अंदाज होता. आज हा आकडा साडेचार लाखांच्या आसपास आहे. उतार मोठा आहे. पण उरलेली साडेचार लाख मुले ज्या आजारात जातात, त्यावरचा उपाय काही रुपयांत मिळतो.

तो कसा द्यायचा, हे नीट सांगतो. औषधाच्या दुकानात किंवा आशाताईंकडे जलसंजीवनीचे म्हणजे ओआरएसचे पाकीट मिळते. एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवावे. पाव पाकीट पेल्यात टाकून अंदाजाने केलेले पाणी दाट झाले तर अपाय करते. केलेले पाणी चोवीस तासांत संपवावे, उरले तर ओतून द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा पेला, मोठ्याला अर्धा ते एक पेला. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने द्यावे. बाटलीतली गोड शीतपेये देऊ नयेत, जास्तीची साखर आतड्यात उलट पाणी खेचते. दुकानातल्या खोक्यांवरही नीट पाहा. नावात ‘ओआरएस’ पण आत नुसते साखरपाणी असली पेये विकली जात. २०२५ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाला त्यावर बंदी घालावी लागली.

अंगावरचे दूध चालूच ठेवावे. मऊ भात, पेज, वरणाचे पाणी, ताक, केळे द्यावे; उपाशी आतडे लवकर बरे होत नाही. झिंकची गोळी सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम आणि त्याहून लहानाला १० मिलिग्रॅम, दहा ते चौदा दिवस. जुलाब थांबले तरी ती पुरी करावी. बहुतेक जुलाबांना अँटिबायोटिक लागत नाही, आणि जुलाब बांधणारी मोठ्यांची गोळी मुलांना कधीच देऊ नये. शौचात रक्त, सतत उलटी, पिण्याची ताकद नसणे, सुस्ती, सहा तासांत लघवी नाही, यांपैकी काहीही दिसले तर दवाखाना गाठावा. तिथे गरज पडली तर सलाईन लावतात.

होमिओपॅथीचा डॉक्टर असून हे कसे सांगता, असे मला विचारतात. माझी पदवी त्याच शास्त्राची आहे आणि माझे पोट त्यावर भरले. पण साबुदाण्याएवढ्या गोळीने अंगातून गेलेले लिटरभर पाणी भरून निघत नाही. म्हणून त्या मुलीनंतर माझ्या दवाखान्यात जुलाबाचे मूल आले की पुडी बांधण्याआधी जलसंजीवनीचा पेला हातात दिला जातो, आणि आईने तो माझ्यासमोर पाजायचा असतो.

आता आजार होऊच नये म्हणून काय करायचे ते. आम्हा जैनांच्या घरात पाणी फडक्याने गाळून घ्यायचे आणि फडक्यात राहिलेले जीव पुन्हा त्याच पाण्यात सोडायचे, अशी रीत आहे. आजी ते अहिंसेसाठी करी. बांगलादेशातल्या खेड्यांत रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या सुती साडीच्या घड्या घालून पाणी गाळायला लावले, तेव्हा पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने उतरले. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून असतात, ते जीव फडक्यात अडकतात. हे २००३ साली प्रसिद्ध झाले. पण निम्मे म्हणजे सगळे नव्हे. सुटे जंतू आणि रोटाव्हायरससारखे विषाणू फडक्यातून सहज जातात. म्हणून गाळलेले पाणी खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट तरी उकळावे, झाकून ठेवावे आणि ओगराळ्याने घ्यावे. शौचानंतर आणि जेवू घालण्याआधी हात साबणाने धुवावेत. पहिले सहा महिने बाळाला अंगावरचेच दूध, वरचे पाणीही नको. आणि रोटाव्हायरसची लस सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्याला सरकारी केंद्रात फुकट मिळते. ती तोंडाने द्यायची असते. हैदराबादेत तयार झालेली ‘रोटाव्हॅक’ २०१६ पासून राष्ट्रीय लसीकरणात आली, पुण्यातही अशी लस तयार होते.

ती मुलगी आता आई झाली आहे. मागच्या पावसाळ्यात तिचा मुलगा आजारी पडला, म्हणून ती दवाखान्यात आली. मी विचारायच्या आत तिने पिशवीतून बाटली काढून दाखवली. “सकाळधरनं अर्धी संपवलीय बघा,” म्हणाली. मूल खेळत होते. मला पुडी बांधायची घाई नव्हती.

वाचकहो, हे सारे विसरलात तरी चालेल. फक्त घरात कुणी “पाणी देऊ नका, जुलाब वाढतील” असे म्हणाले, तर त्यांना तिथेच थांबवा.